चाकांवरचं घर चालवताना: मामाचे कानमंत्र

अरे, यलोस्टोनला मोटरहोमने फिरायचं ठरवलंस आणि ताई-भावोजींनाही बरोबर आणतोयस, हे फार बरं केलंस. काय काय बघायचं याच्या याद्या तुला हव्या तेवढ्या मिळतील. मी सांगतोय ते गाडी, पाणी, वीज आणि पोट यांबद्दल. पुण्यातल्या घरात नळाला पाणी येतं, मोरीतून निघून जातं. ते कुठून आलं आणि कुठे गेलं याची फिकीर कोणी करत नाही. या घरात दोन्हींचा हिशेब तुझ्याकडे. तो वेळच्या वेळी केलास की बाकीचा दिवस फिरायला मोकळा.

मुक्काम सारखा हलवू नकोस. यलोस्टोन पार्कच्या आत पाणी, वीज आणि सांडपाण्याची जोडणी अशा तिन्ही सोयी देणारं कॅम्पग्राउंड एकच आहे, फिशिंग ब्रिज. जागा कित्येक महिने आधी भरतात, म्हणून विमानाच्या तिकिटाआधी तिथलं बुकिंग बघ. त्या भागात ग्रिझली अस्वलांचा वावर असतो, त्यामुळे तंबू चालत नाहीत. पक्क्या भिंतींच्याच गाड्या लागतात. आणि भावोजींना गळ आणू नका म्हणावं. नाव फिशिंग ब्रिज असलं तरी त्या पुलावरून मासे धरायला १९७३ पासून बंदी आहे.

निघण्यापूर्वी गाडीला एक प्रदक्षिणा घाल. विजेची तार काढली का, पाण्याची नळी गुंडाळली का, पायरी आत गेली का, छत मिटलं का, बाहेर सरकणारी खोली आत घेतली का, चाकांखालचे ठोकळे उचलले का, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघ. मग आत ये. फ्रिजची कडी, कपाटांचे खटके, ओट्यावरचा चहाचा कप. पहिल्याच वळणावर सुटं सगळं जमिनीवर येतं. गाडीची उंची कागदावर लिहून स्टिअरिंगजवळ चिकटव. पेट्रोल भरताना प्रोपेन गॅस बंद ठेव. पेट्रोलचा हिशेब लिटरला साडेतीन-चार किलोमीटर असा धर.

उजाडताना निघ. पार्कच्या रस्त्याचा आकार इंग्रजी आठसारखा आहे. खालचा फेरा ९६ मैलांचा. नकाशावर तो एका दिवसाचा वाटतो, पण वेगाची मर्यादा ताशी ४५ मैल आहे आणि रस्त्यात गवे उभे राहिले की सगळं थांबतं. म्हणून फेरा दोन दिवसांत कर. पहिल्या दिवशी वेस्ट थंबवरून ओल्ड फेथफुलच्या बाजूला जा, ३८ मैल. वाटेत ८,२६२ फुटांवर क्रेग पास लागतो. तिथल्या इसा लेक या छोट्या तळ्याचं पाणी एका बाजूने पॅसिफिककडे आणि दुसऱ्या बाजूने मेक्सिकोच्या आखाताकडे जातं. मुलांना दाखव. पुढच्या उतारावर खालच्या गिअरमध्ये उतर, नुसत्या ब्रेकवर भिस्त ठेवू नकोस. मागे गाड्यांची रांग लागली की बाजूच्या मोकळ्या जागेत घेऊन त्यांना पुढे जाऊ दे.

ओल्ड फेथफुलला न थांबता आधी मिडवे गीझर बेसिन गाठ, कारण मोठ्या गाडीला तिथली जागा लवकर संपते. ग्रँड प्रिझमॅटिक हे सुमारे ३७० फूट व्यासाचं गरम पाण्याचं कुंड तिथेच आहे. पहाटेच्या गारठ्यात त्यावर इतकी वाफ असते की रंग दिसतच नाहीत. म्हणून गाडी लावायची, आत पोहे-चहा करायचा आणि ऊन वर आल्यावर उतरायचं. स्वयंपाकघर बरोबर असल्याचा फायदा तो हाच. मग ओल्ड फेथफुल. तो साधारण दीड तासाने उसळतो आणि पुढची अंदाजे वेळ तिथल्या माहिती केंद्रात लावलेली असते. वेळ बघून ताई-भावोजींना आधी बाकावर बसव. दुसरा दिवस हेडन व्हॅलीतले गवे आणि ३०८ फुटांचा लोअर फॉल्स यांच्यासाठी ठेव.

लाकडी वाटेखाली पाय ठेवायचा नाही, मुलांचे हात सोडायचे नाहीत. तिथली जमीन पातळ कवच आहे आणि खाली उकळतं पाणी. टोपी उडाली तर उडाली. गव्यांपासून २५ यार्ड, अस्वल-लांडग्यांपासून १०० यार्ड लांब राहा. गवा संथ दिसतो, पण माणसापेक्षा कितीतरी वेगाने धावतो.

मुक्कामावर उजेडात परत ये. अंधारात गाडी मागे घेणं आणि समतल करणं जिकिरीचं होतं. मागे घेताना एकाने खाली उतरून खुणा कराव्यात, आणि तो एकच असावा. आधी ठोकळ्यांनी गाडी समतल, मग चाकांना अडण, मग वीज. खांबावरचा खटका बंद करून तार जोड, मग चालू कर. भाड्याच्या बऱ्याच गाड्या ३० अँपिअरच्या असतात, म्हणजे सगळं मिळून ३,६०० वॅट. एसी, मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावलीस की खटका पडलाच म्हणून समज. आपला मिक्सर आणू नकोस. इथे वीज १२० व्होल्टची. चटणी घरून वाटून आणा.

टाक्यांचं काम स्वतः शिकून घे. संडासाची काळी टाकी आणि मोरीची करडी, अशा दोन. जोडणी असली तरी काळ्या टाकीची झडप बंदच ठेव. उघडी ठेवलीस तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते आत साचतं. बरीच भरली की आधी काळी सोड, मग करडी, म्हणजे नळी धुऊन निघते. हातमोजे घाल. पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, वेगळ्या कप्प्यात. कागद विरघळणाराच वापरा. पाणी वापरणाऱ्यांनी संकोच करू नये, टाकीत पाणी जास्त गेलेलं चांगलंच. फक्त ती लवकर भरते. मोरीत तेल किंवा उरलेली आमटी ओतायची नाही.

मामीचा कानमंत्र कुकरचा. फिशिंग ब्रिज साडेसात हजार फुटांच्या वर आहे. तिथे पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं, म्हणून उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. लहान कुकर बॅगेत टाक. फोडणीआधी पंखा लाव, खिडकी उघड, नाहीतर धुराचा भोंगा वाजतो. वाजला म्हणून त्याची बॅटरी काढायची नाही. जेवण झालं की बाहेर काही ठेवायचं नाही. खरकटं, तेल, लोणच्याची बरणी, टूथपेस्ट, धुतलेली भांडीसुद्धा आत. अस्वलाचं नाक फार तीक्ष्ण, आणि माणसाच्या अन्नाला चटावलेलं अस्वल बहुधा जिवानिशी जातं.

रात्री आवाज नको. दहानंतर गप्पा हळू आवाजात करा. दुसऱ्याच्या जागेतून वाट काढू नका. जुलैतही रात्री पारा शून्याच्या आसपास उतरू शकतो, तेव्हा ताईची शाल आणि लोकरी मोजे हाताशी ठेव.

दिवसाला दोन ठिकाणं पुरेत. तिसरं दिसलं तर वरकमाई समज. आणि दिवसभर गाडी चालवणाऱ्याने रात्री भांडी घासायची नाहीत, हा आमच्याकडचा नियम आहे. चालवणार तूच आहेस, तेव्हा भांड्यांच्या पाळ्या विमानात बसण्याआधीच ठरवून घे.