नोनीचा रस : फळ की औषध?

काही वर्षांपूर्वी मूत्रपिंडाच्या जुनाट विकाराने ग्रस्त असा आठ वर्षांचा मुलगा माझ्या उपचारांखाली होता. वजन 20 किलो. पोटॅशियमची दैनिक मर्यादा 20 मिलीइक्विव्हॅलंट. आईने केळी, संत्री, शहाळे कटाक्षाने बंद केले होते. तरीही एके दिवशी रक्तातील पोटॅशियम 6.9 आढळले आणि ईसीजीवरील टी-लहरी टोकदार दिसू लागल्या. कॅल्शियम ग्लुकोनेट देऊन तो प्रसंग निभावला. ‘फळे देता का?’ नाही. ‘दुसरे काही औषध?’ नाही. दोन्ही उत्तरे प्रामाणिक होती. तिसऱ्या दिवशी आजींनी विचारले, “डॉक्टरसाहेब, ते नोनीचं तेवढं चालू ठेवू ना?” एका नातेवाइकाने शक्तिवर्धक म्हणून दिलेला तो रस सकाळ-संध्याकाळ शंभर-शंभर मिलिलिटर पोटात जात होता.

नोनी म्हणजे मोरिंडा सिट्रिफोलिया. कॉफीच्याच रुबिएसी कुळातील वृक्ष. ताहिती, हवाई आदी बेटांवर त्याचा पाला, मूळ व फळ परंपरेने वापरले जाते. आपल्यालाही तो सर्वस्वी परका नाही. मराठीत या जातकुळीला बारतोंडी म्हणतात, आणि आपल्या माळव्यात ‘आल’ या नावाने तिची शेती होत असे. मुळांतील अँथ्राक्विनोन रंगद्रव्यांनी खारवा कापड लाल रंगवीत. कृत्रिम रंग आले आणि ती शेती लयास गेली.

पिकलेल्या फळाला उग्र दर्प येतो. तो कॅप्रोइक व कॅप्रिलिक आम्लांचा. या नावांचे मूळ बकरीवाचक लॅटिन शब्दात आहे, हे वास घेतलेल्यास सांगावे लागत नाही! रसात क जीवनसत्त्व, रुटिनसारखी फ्लॅव्होनॉइडे, स्कोपोलेटिन हे कौमरिनवर्गीय द्रव्य आणि डीअॅसिटिलअॅस्पेरुलोसिडिक आम्लासारखी इरिडॉइडे असतात. प्रयोगशाळेत यांतील काहींचे प्रतिऑक्सिडीकारक गुण दिसले आहेत. तथापि परीक्षानळीतील गुण म्हणजे रुग्णातील गुण नव्हे. कर्करोगाच्या संदर्भात ज्याचा उदोउदो होतो ते डॅम्नाकँथाल मुख्यतः मुळांत सापडते, आणि ‘झेरोनिन’ची रासायनिक रचना तर आजवर कोणी सिद्ध केलेली नाही.

जाहिरातीत न येणारा घटक म्हणजे पोटॅशियम. मूत्रपिंडविकाराच्या एका रुग्णावरील 2000 सालच्या अमेरिकन वृत्तांतात या रसातील त्याचे प्रमाण लिटरला सुमारे 56 मिलीइक्विव्हॅलंट, म्हणजे जवळजवळ संत्र्याच्या रसाइतके, आढळले होते. निरोगी माणसाला त्याचे काहीच नाही. आमच्या बालरुग्णाच्या पोटात मात्र 200 मिलिलिटरमधून 11 मिलीइक्विव्हॅलंट जात होते, दिवसाच्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक! आईने संत्रे वर्ज्य केले आणि त्याच तोलाचा रस बाटलीतून दिला.

यकृताविषयी मतभेद आहेत. 2005 च्या सुमारास ऑस्ट्रियातून यकृतदाहाचे काही रुग्ण नोंदले गेले. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2006 मध्ये कार्यकारणसंबंध संभवत नसल्याचे मत दिले. 2011 मध्ये पुन्हा एका चौदा वर्षांच्या मुलाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. सरसकट भीती घालणे मला योग्य वाटत नाही. परंतु अस्पष्ट कावीळ असलेल्या मुलाबाबत हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

त्या घरच्यांना मी दोष देऊ शकलो नाही. त्यांच्या लेखी तो रस ना फळ होता, ना औषध; आणि मी केवळ त्या दोहोंविषयीच विचारले होते. आता माझ्या केसपेपरवर तिसरा प्रश्न आहे : ‘घरात बाटलीतून आणखी काय दिले जाते?’