गाडी नवी आहे तोवर ऐकून ठेव

लेकी, गाडी दारात आली, जोतिबाला नेऊन तिला गुलालही लागला. आता तू विचारतेस, वॉरंटीचा क्लेम खरंच नाकारतात का? नाकारतात गं. पण शोरूममधली माणसं तुझ्या वाईटावर असतात असं नाही. बहुतेक वेळा नकाराचं कारण बिघाडाच्या कितीतरी आधी आपल्याच हातून तयार झालेलं असतं, आणि ते सवयीनं टाळता येतं. म्हणून हे सांगते.

१. वॉरंटीच्या पुस्तकातलं 'काय येत नाही' हे पान सगळ्यात आधी वाच – ब्रेक पॅड, क्लच प्लेट, वायपरची रबरं, फिल्टर असल्या झिजणाऱ्या वस्तू बहुतेक कंपन्या धरत नाहीत. टायर आणि बॅटरीची हमी बहुधा त्या त्या कंपनीची वेगळी असते, त्यांची कार्डं जपून ठेव.

२. 'वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल ते' या ओळीखाली रेघ ओढ – वडगाव–पुणे अशा फेऱ्या वाढल्या की किलोमीटर कॅलेंडरच्या पुढं पळतात.

३. सर्व्हिसची तारीख चुकवू नकोस, गाडी महिनाभर दारात उभी असली तरी – ऑइल उभ्या गाडीतही जुनं होतं. गळीत हंगाम होता, घरात लग्न होतं, ही कारणं कितीही खरी असली तरी सर्व्हिसच्या रकान्यात लिहिता येत नाहीत.

४. प्रत्येक बिलाचा फोटो त्याच दिवशी काढ, ऑइलचा ग्रेड बिलावर लिहून घे – मशीनमधून निघणाऱ्या बिलाची शाई वर्षभरात उडते, आणि कोरा कागद कुणी पुरावा म्हणून घेत नाही.

५. हे सगळ्यात महत्त्वाचं. गाडी आत देताना जॉबकार्डवर तक्रार तुझ्या शब्दांत लिहून घे : आवाज कधी येतो, इंजिन थंड असताना की तापल्यावर, कितव्या गिअरला. 'जनरल चेकअप' एवढंच लिहिलं असेल तर नीट लिहायला लाव, मग सही कर, आणि एक प्रत मागून घे – वॉरंटी चालू असताना नोंदलेली तक्रार मुदत संपल्यावर पुन्हा उपटली, तर हाच कागद तुझ्या बाजूनं बोलतो. तोंडी शब्द दारापर्यंत, जॉबकार्ड कोर्टापर्यंत.

६. ऑइलचा किंवा तापमानाचा लाल दिवा लागला की तिथंच बाजूला थांब, मग किणी टोलनाक्यावर असलीस आणि घर दिसायचंच बाकी असलं तरी – गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये दोषाची नोंद राहते. पार्ट मुळात सदोष असला तरी 'दिवा लागूनही चालवली' एवढ्यावर क्लेम अडतो. रोडसाइडचा नंबर फोनमध्ये आजच घाल.

७. हॉर्न, दिवे, म्युझिक सिस्टीम, कॅमेरा, काय हवं ते लाव, पण वायर कापू देऊ नकोस. कपलर जोडून बसणारंच घे – कापून टेप गुंडाळलेली एक वायर दिसली की विजेच्या बिघाडाचं खापर तिच्यावर फुटतं.

८. गावातल्या मेस्त्रीकडं गेलं की सगळी वॉरंटी बुडाली, असं घाबरवणारे भेटतील. भारतीय स्पर्धा आयोगानं २५ ऑगस्ट २०१४ च्या निकालात १४ कार कंपन्यांना दंड केला, आणि बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका, असंही बजावलं. प्रकरण पुढं अपिलात गेलं, म्हणून तू मात्र जपून राहा. पंक्चर, धुणं, वायपर बाहेर खुशाल कर. इंजिन, गिअरबॉक्स आणि वायरिंग मुदतीत अधिकृत ठिकाणीच – बाहेरच्या कामानंच बिघाड झाला असं दाखवता आलं, तर नकार टिकतो.

९. सीएनजी हवा असेल तर कंपनीनं बसवलेलाच घे – बाहेरच्या किटनं इंजिनाची वॉरंटी धोक्यात येते. शिवाय आरसी बुकात नोंद आणि विमा कंपनीला कळवणं राहिलं, तर विमाही अडतो.

१०. दाजी म्हणतील, गाडी रिकामीच असते, चार फेऱ्या वडापला लाव. नाही म्हण – खाजगी नंबरची गाडी भाड्यानं चालवणं बेकायदा आहेच, आणि वॉरंटीच्या अटींतही ते बसत नाही.

११. पावसाळ्याचं तर नीट ध्यानात धर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक बंद झाली, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करून बघू नकोस, ढकलून किंवा टो करून बाहेर काढ – पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं आत शिरलेल्या पाण्यानं कनेक्टिंग रॉड वाकतो. हे नुकसान वॉरंटीत येत नाही. साध्या विम्यातही बहुधा येत नाही, म्हणून 'इंजिन प्रोटेक्ट' आधीच जोडून घे.

१२. उंदरांनी कुरतडलेली वायर वॉरंटीत धरत नाहीत – उसाच्या कडेला गाडी लावत असशील तर बोनेट उघडून बघत जा.

१३. डिझेल घेतली असलीस तर नुसती बाजारापुरती फिरवू नकोस. अधूनमधून वाठारवरून महामार्गाला लागून मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या वेगानं चालव – सायलेन्सरच्या वाटेवरच्या गाळणीतली काजळी लांबच्या पल्ल्यातच जळते. चोंदलेली गाळणी बहुधा वापराचा दोष ठरते.

१४. वाढीव वॉरंटी कंपनीची की डीलरची, ते कागदावर बघ, आणि मूळ मुदत संपायच्या आत ठरव. जुनी गाडी घेणाऱ्या मैत्रिणीलाही सांग, उरलेली वॉरंटी नावावर चढवून घे म्हणावं.

एवढं करूनही नकार आला, तर तिथं आवाज चढवू नकोस. कारण लेखी माग, कुठल्या कलमाखाली तेही. खर्च तू केलास तर काढलेला जुना पार्टही मागून घे. ग्राहक आयोग तो प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो. मग कंपनीला ईमेल, मग १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. तरी हललं नाही तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानं तू राहतेस त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत. वकील सक्तीचा नाही. ५ ते १० लाखांच्या गाडीला फी २०० रुपये, १० ते २० लाखांच्या गाडीला ४००.

मागणी मात्र रास्त ठेव. मारुतीच्या एका गाडीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००६ साली सांगितलं, की वॉरंटीत सदोष भाग बदलून देणं येतं, अख्खी नवी गाडी नव्हे.

आता उठ, पुस्तक काढ, पुढच्या सर्व्हिसची तारीख बघ आणि मला फोन करून सांग. मीही लिहून ठेवते.