यादी आवडीने लाव, कटऑफ तळाला बघ

इंजिनिअरिंगच्या कटऑफची पीडीएफ उघडलीस ना, मग आधी हे समजून घे. तो आकडा कॉलेजने ठरवलेला नसतो. गेल्या वर्षी त्या शाखेत सगळ्यात शेवटी जो बसला, त्याचा तो मेरिट नंबर आणि कंसात पर्सेंटाइल. यंदा जागा ६० च्या १२० झाल्या की पर्सेंटाइल घसरतो. म्हणून पाच-सहा कॉलेजांचे निदान दोन वर्षांचे आकडे शेजारी शेजारी लिही.

रकाना नीट वाच. जीओपनएचमधला शेवटचा एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरच्या विद्यापीठाची मुलं, एस म्हणजे राज्यस्तर. सुरुवातीला जी असेल तर त्या सर्वसाधारण जागा, एल असेल तर मुलींच्या राखीव जागा. तू जी आणि एल दोन्ही बघ.

आता खरी गोष्ट. पोरं काय करतात, कटऑफ उतरत्या क्रमाने लावतात आणि तीच यादी भरून मोकळी होतात. म्हणजे गेल्या वर्षीच्या अनोळखी पोरांची आवड आपल्या माथी! कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, तुझी यादी वरून खाली तपासतात; तुझ्या नंबराला जी पहिली जागा बसेल ती मिळते. वर पुण्याचं सीओईपी लिहिलंस आणि नाही लागलं, तर खालच्या कॉलेजावरचा तुझा हक्क रतिभरही कमी होत नाही. तेव्हा लाजू नकोस.

पण वर उगाच काही टाकू नकोस. २०२५ च्या नियमांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांतला लागला, की तो घ्यावाच लागायचा. यंदाची माहितीपुस्तिका बघूनच घे, पण पहिल्या सहांत खरंच जाशील अशीच नावं असू देत.

कटऑफ लागतो तो तळाला. शेवटच्या चार-पाच ओळींत अशा शाखा हव्यात, जिथे गेल्या वर्षी पहिल्याच फेरीत तुझ्यापेक्षा बराच मागचा नंबर बसला होता. यादीतल्या प्रत्येक कॉलेजला कामशेतच्या घरून रोज जाता येईल का, तेही बघ. पीसीसीओईला आकुर्डी स्टेशन, सीओईपीला शिवाजीनगर, दोन्हीकडे लोकल. सिंहगडचं कॉलेज लोणावळ्याला कुसगावात, म्हणजे उलट्या दिशेला. सकाळी बसायला जागा मिळेल. तळेगावचं नूतन महाराष्ट्र तर हाकेवर. तुझ्या बाबांना नावाची हौस आहे, त्यांच्याशी मी बोलतो.

घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, तेव्हा टीएफडब्ल्यूएसचा वेगळा चॉइस कोड साध्या जागेच्या लगेच वर टाक. शिकवणी फी माफ होते. कटऑफ खुल्यापेक्षा वर जातो, जाऊ दे. नाही लागला तर खालची ओळ आहेच. फक्त उत्पन्नाच्या दाखल्याचं वडगावच्या तहसीलमध्ये आताच बघ. निकाल लागला की तिथे पाय ठेवायला जागा नसते.