शेरवानीचे कापड : मशरू आणि हिमरू

लग्नसराईत ‘आजोबांच्या फोटोत आहे तशी शेरवानी हवी’ म्हणणारे गिऱ्हाईक येते. दुकानदाराने चमक दाखवण्याआधी कापड उलटे करून दाखवावे.

मशरू हा अरबी शब्द. अर्थ, शरीअतने जायज ठरवलेले. पुरुषांना अस्सल रेशीम वर्ज्य, म्हणून ताणा रेशमाचा व बाणा सुताचा घेऊन साटीन विणीत हे कापड निघाले. वर रेशीम दिसते, अंगाला सूत लागते. गुजरातेत पाटण आणि कच्छमधील मांडवी येथे ते अजून विणले जाते. मात्र आज बहुतेक मशरूत रेशमाऐवजी रेयॉन असते. रेयॉन वाईट नाही. पण ते रेशमाच्या भावाने विकणे हा सरळ धोका आहे. गिऱ्हाइकाला सांगूनच विकावे.

परीक्षा सोपी आहे. ताण्याचा एक धागा ओढून जाळावा. रेशमाला केस जळल्याचा वास येतो व राख चुरगळते. रेयॉन कागदासारखे जळते. पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

औरंगाबादी हिमरूत (शहराचे नाव 2023 पासून छत्रपती संभाजीनगर) सुती ताण्यावर रेशमी बाण्याने नक्षी भरतात, त्यामुळे पाठीमागे धागे सुटे राहतात. मागे धागेच नसतील तर माल छापील समजावा. हे सुटे धागे अंगठीत, घड्याळात अडकतात, म्हणून सुती अस्तर हवेच. अस्तर आधी भिजवून, वाळवूनच कापावे. नाहीतर पुढे ते आकसते आणि उंची शेरवानीला चुण्या पडतात. बटणे त्याच कापडाने मढवलेली घ्यावीत. सोनेरी प्लास्टिकच्या बटणांनी सारा डौल जातो, आणि बचत होते ती चार पैशांची!