लंघन-शोधनापूर्वी मधुमेहाच्या गोळ्यांची चौकशी

मुठा खोऱ्यात आषाढात भातलावणी सुरू झाली की मधुमेही रुग्णाचा दिनक्रम पार बदलतो. सकाळची गोळी चहाबरोबर घेतली जाते, न्याहारी उशिरा बांधावर होते आणि चिखलातले श्रम वाढतात. त्यातच एकादशीचा उपवास येतो. अशा रुग्णास आपण निशा-आमलकी, विजयसार वा कारल्याची योजना करतो, तेव्हा तो आधीपासून कोणती गोळी घेत आहे हे पाकीट पाहूनच ठरवावे. ‘साखरेची पांढरी गोळी’ या उत्तरावर विसंबू नये. हल्ली एकाच गोळीत दोन-तीन द्रव्ये असतात.

ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड व ग्लिक्लाझाइड ही द्रव्ये स्वादुपिंडास इन्सुलिन स्रवावयास लावतात, मग रुग्ण जेवलेला असो वा नसो. घाम, कंप, भ्रम व मूर्च्छा हे त्यांचे मुख्य भय होय. वृद्ध व वृक्कदौर्बल्य असलेल्या रुग्णांत ग्लिबेनक्लामाइडचा प्रभाव दीर्घकाळ रेंगाळतो. साखर दिल्यावर सावध झालेला रुग्ण काही तासांनी पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून त्यास घरी न पाठवता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावे.

मेटफॉर्मिन यकृतातील शर्करानिर्मिती कमी करते. एकटे घेतल्यास साखर सहसा खाली जात नाही. आध्मान व द्रवमलप्रवृत्ती नित्य आढळते. दीर्घ वापराने बी-12 जीवनसत्त्व घटते. पायांच्या बधिरतेस केवळ मधुमेहाचा उपद्रव मानून वातशामक चिकित्सा चालू ठेवण्यापूर्वी ही तपासणी करून घ्यावी.

आम्हांस सर्वाधिक चिंता वाटते ती डापाग्लिफ्लोझिन व एम्पाग्लिफ्लोझिन या गटाची. 2020 साली डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट संपले आणि ते स्वस्त होऊन खेड्यापाड्यांत पोहोचले. ही द्रव्ये वृक्काद्वारे शर्करा मूत्रात टाकतात. (मधुमेहाच्या चिकित्सेत मूत्र मधुर करावे, हा विरोधाभास आपणांस मौजेचा वाटेल, पण त्यामुळे बेनेडिक्टची मूत्रचाचणी येथे निरुपयोगी ठरते.) जननेंद्रियांचा बुरशीसंसर्ग व जलक्षय हे परिचित दुष्परिणाम आहेत. मात्र उपवास, वमन, विरेचन किंवा अल्पाहार घडल्यास रक्तात कीटोन साचून प्राणसंकट ओढवू शकते, आणि त्या वेळी रक्तशर्करा जवळपास प्राकृत असू शकते. उत्क्लेश, उदरशूल व जलद श्वास यांस शोधनाचा व्यापद समजून बसल्यास घात होतो. शस्त्रक्रियेपूर्वी हे औषध किमान 3 दिवस बंद ठेवण्याची शिफारस आहे. शोधनापूर्वीही मूळ चिकित्सकाशी बोलून तसाच निर्णय घ्यावा. गोळी परस्पर बंद करू नये. कृश प्रमेह्यास बृंहण, स्थूल व बलवानास संशोधन हा चरकोक्त भेद येथे फार उपयोगी पडतो, कारण लावणीवर राबणारे अनेक रुग्ण कृशच असतात.

पायोग्लिटाझोनने शोथ येतो व हृदयदौर्बल्य वाढते. 2013 च्या जूनमध्ये त्यावर आपल्या देशात बंदी आली आणि जुलैअखेर इशाऱ्यासह ती उठली. ग्लिप्टिन गट तुलनेने सौम्य आहे.

औषधी दुकानदारांसाठी दोन गोष्टी. ‘निव्वळ वनस्पतिज’ म्हणविणाऱ्या काही मधुमेहहर चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड मिसळलेले सापडल्याच्या नोंदी देशोदेशी आहेत. चार दिवसांत साखर उतरविणारे निनावी चूर्ण विक्रीस ठेवू नये. दुसरे, ॲकार्बोज वा व्होग्लिबोज घेणाऱ्याची साखर अन्य गोळीमुळे उतरली, तर खडीसाखर लवकर गुण देत नाही, कारण तिचे आतड्यातील विघटनच या द्रव्यांनी रोखलेले असते. रुग्ण शुद्धीवर असल्यास त्यास पाण्यातून ग्लुकोजच द्यावे.