पगारातून कापलेले येन

जपानमधल्या सरकारी शाळांत इंग्रजीची सहायक शिक्षिका म्हणून काही वर्षं काढून मी परत आले. तिकडून परतणाऱ्या शिक्षकांच्या गप्पांत एक विषय हमखास निघतो, तो पेन्शनच्या पैशांचा. ‘जाताना मिळतात’ एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. हल्ली नव्याने निघालेली मुलंमुली फोन करून विचारतात, तेव्हा त्यांना सांगते ते इथे लिहून ठेवते.

१. आपण कोणत्या पेन्शनमध्ये आहोत, ते पहिल्याच पगाराच्या स्लिपवर बघा. ‘कोसेई नेंकिन’ म्हणजे नोकरदारांची पेन्शन. तिच्यात पगाराच्या १८.३ टक्के रक्कम जाते; निम्मी तुमची, निम्मी मालकाची. एजन्सीमार्फत शाळेत गेलात तर सावध राहा. काही एजन्स्या कामाचे तास बेताने एवढे ठेवतात की ही पेन्शन लागूच होऊ नये. मग ‘कोकुमिन नेंकिन’, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन, आपली आपण भरायची, २०२५-२६ साली महिन्याला १७,५१० येन. मालकाचा वाटा शून्य.

२. मिळतो तो तुमचाच वाटा, तोही सगळा हातात पडत नाही. देश सोडताना मिळणाऱ्या या रकमेला ‘दत्ताई इचिजिकिन’ म्हणतात. किमान ६ महिने भरणा झालेला हवा. कोसेईत ३६ महिने भरले असतील तर सरासरी पगाराच्या ३.३ पट मिळतात. ३ लाख येन पगार धरला तर ९ लाख ९० हजार. त्यातून २०.४२ टक्के कर आधीच कापला जातो (वरचे ०.४२ हे २०११ च्या भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीसाठी), म्हणजे २ लाख २ हजारांच्या वर गेले. कोकुमिनच्या रकमेतून मात्र हा कर कापत नाहीत. मालकाने भरलेला वाटा कोणत्याच वाटेने तुमच्याकडे येत नाही, त्याची आशा धरू नका. शिवाय हिशेब जास्तीत जास्त ६० महिन्यांचा होतो; २०२१ च्या एप्रिलपूर्वी तर तो ३६ वरच थांबायचा. ही मर्यादा ८ वर्षांवर नेण्याचं २०२५ च्या पेन्शन सुधारणेत ठरलं आहे.

३. करार कोणत्या तारखेला संपतो, ते सही करण्याआधी वाचा. पगाराचा आकडा सगळे वाचतात, ही तारीख कुणी वाचत नाही. पैसे मात्र तिथेच हलतात. रक्कम महिन्यागणिक वाढत नाही, सहा-सहा महिन्यांच्या पायऱ्यांनी वाढते. ३५ महिन्यांना पगाराच्या २.७ पट, ३६ ला ३.३ पट. वरच्याच पगाराला हा फरक १ लाख ८० हजार येनांचा झाला. आता गंमत बघा. नोकरी सुटल्याच्या दुसऱ्या दिवशी पेन्शनमधून नाव निघतं, आणि ज्या महिन्यात नाव निघतं तो महिना मोजला जात नाही. करार ३१ मार्चला संपला तर नाव १ एप्रिलला निघतं आणि मार्च पदरात पडतो. ३० मार्चला संपला तर मार्च गेला. शाळेतले वर्ग मार्चच्या शेवटच्या आठवड्याच्या सुमारास आटोपतात, म्हणून करार त्याच सुमारास संपवणारे मालक आहेत. हा निव्वळ योगायोग असतो असं मला वाटत नाही. एका दिवसासाठी भांडायला संकोच वाटतो, पण भांडावं.

४. पैसे घेतले की ती वर्षं पुसली गेली. निरोपाचा बोनस मिळाल्यासारखे लोक हे पैसे घेतात, ते मला पटत नाही. जपानमध्ये पेन्शनचा हक्क यायला २०१७ पर्यंत २५ वर्षं लागत, आता १० पुरतात. भारत आणि जपान यांच्यातला सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे. त्यामुळे आपल्याकडे ईपीएफओच्या पेन्शनमध्ये भरलेली वर्षं आणि तिकडची वर्षं हक्क ठरवताना एकत्र मोजता येतात. इथल्या खासगी शाळेत किंवा कंपनीत ७ वर्षं पीएफ भरून मग जपानमध्ये ४ वर्षं शिकवलं असेल, तर उतारवयात दोन्हीकडून थोडं थोडं मिळू शकतं. एकरकमी घेतलीत की जपानची बाजू कोरी. ज्याची इकडे अशी काही नोंदच नाही आणि परत जायचाही विचार नाही, त्याने खुशाल घ्यावेत. मी घेतले. आणि तिकडे १० वर्षं पुरी झाली असतील तर प्रश्नच मिटला, मग ही रक्कम मिळतच नाही.

५. निघण्याआधी नगरपालिकेत ‘तेन्शुत्सु तोदोके’, म्हणजे गाव सोडल्याची नोंद, करा. जपानमधला पत्ता कागदावरून निघाला पाहिजे. तिथून २ वर्षांच्या आत अर्ज करायचा. सोबत पासपोर्टची प्रत, पेन्शन क्रमांकाचा कागद आणि बँकेचा तपशील. पैसे भारतातल्या खात्यावर येऊ शकतात, पण खातं स्वतःच्याच नावावर हवं. पासपोर्टवर आणि पासबुकात नाव अक्षरशः एकच आहे ना, ते बघा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये कधी येतं, कधी गळतं.

६. कापलेला कर परत मागता येतो, त्यासाठी जपानमध्ये राहणारा एक माणूस हवा. त्याला ‘नोझेई कान्रिनिन’ म्हणतात, तुमच्या वतीने करखात्याशी बोलणारा. नेमणुकीचा फॉर्म निघण्याआधी कर कार्यालयात देऊन टाकावा. माझ्यासाठी स्टाफरूममध्ये शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सेन्सेई तयार झाल्या. ही रक्कम निवृत्तीचं उत्पन्न धरून हिशेब मागितला की वर्षाला ४ लाख येनांची, आणि कमीत कमी ८ लाखांची, वजावट मिळते. त्यामुळे दोन-चार वर्षं नोकरी केलेल्या शिक्षकाचा बहुतेकदा सगळाच कर परत येतो. पैसे जमा झाल्याचं पत्र भारतातल्या पत्त्यावर येतं. ते मूळ पत्रच या माणसाला पाठवायचं असतं, तेव्हा त्याची झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ प्रत रजिस्टर्ड पोस्टाने धाडा. परतावा त्याच्या खात्यात येतो आणि तिथून तुमच्याकडे. म्हणून माणूस निवडताना त्याला कराचं किती कळतं हे बघण्यापेक्षा, दोन वर्षांनीही तो तुमचा फोन उचलेल का, हे बघा.