गर्भाशयाची शस्त्रक्रिया आणि यंत्रमानव

बोथसारख्या गावातील स्त्रीस गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, की हैदराबादेस जाऊन यंत्रमानवाकडून शस्त्रक्रिया करावी काय, असा प्रश्न पडतो. यंत्रमानव स्वतः निर्णय घेत नाही. शल्यविशारदाच्या हातांच्या हालचालींनुसार त्याचे बाहू लहान छिद्रांतून काम करतात. स्त्रीरोगांसाठी अमेरिकेत या पद्धतीस २००५ साली मान्यता मिळाली. पोट उघडावे लागत नसल्याने रुग्ण लवकर घरी परततो. खर्च मात्र वाढतो. तथापि गर्भाशयमुखाच्या प्रारंभिक कर्करोगात छिद्रांतून केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा पोट उघडून केलेली शस्त्रक्रियाच अधिक जीवनरक्षक असल्याचे २०१८ च्या संशोधनात आढळले. म्हणून यंत्राच्या नावास न भुलता, ‘हीच पद्धत का?’ हे भगिनींनी डॉक्टरांस अवश्य विचारावे.